मयतीचा बर्फ

प्रिय अप्पा,

शरणार्थ.

हे पत्र ठेवायचं कुठं, इथूनच घोळ आहे. रेणापूरच्या शेतात तुमच्या समाधीवर ठेवावं, तर तिथं तुम्ही नाही. तुम्ही आहात तिथं नेऊन द्यावं, तर ते ठिकाण इथं नांदेडातच आहे, माझ्या औषधाच्या दुकानापासून दोन रस्ते सोडून, आणि वर्षभर मला त्याचा पत्ताच नव्हता! हे कळून आता आठवडा झाला.  गोळ्यांची पट्टी कापायला घेतली की कात्री भलतीकडेच जाते. ज्यांना विचारायचं ते तुम्हीच, आणि तुम्हीच नाही. म्हणून लिहायला बसले.

खरं तर नुसतं चिडायचं ठरवलं होतं. पण चिडायला लागलं की मला आपला बर्फाचा कारखानाच दिसतो.

लातूरच्या मे महिन्यात धान्याच्या गंजातले हमालसुद्धा दुपारी सावली धरून पडायचे. आणि तुम्ही बर्फाच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून, अंगावर घोंगडी घेऊन, उत्तर ध्रुवाकडे निघालेले असायचात. शाळेला सुट्टी लागली की मी आणि धाकटा शिवराज तुमच्या पायाशी पोत्यावर. दाराच्या फटीतून गार वाफ यायची, अमोनियाचा वास यायचा, आणि तुम्ही इंग्रजी पुस्तक समोर धरून सरळ मराठीत वाचत जायचात. त्यातलं अर्धं तुमच्या पदरचं होतं, हे मला फार उशिरा कळलं. जहाज बर्फात अडकलेलं, खायला काही नाही, शेवटी साहेबांनी बूट उकडून खाल्ले, असं तुम्ही रंगात येऊन सांगत होता, तेव्हा लेकाच्या जेवणाचा डबा घेऊन आलेली अव्वा म्हणाली होती, 'येवढं लांब जायचं तर संगं शेंगा न्याव्या की.' तुम्ही इतके हसलात की चष्मा पडला.

साहेबांच्या धाडसाचं तुम्हाला कौतुक होतं, पण त्यांची टिंगलही तुम्ही सोडायचा नाहीत. 'ते इन्युइट लोक तिथं पिढ्यान्‌पिढ्या लेकरं वाढवून राहिले, नंदे. आन् हे जाऊन म्हणतेत, आम्ही शोध लावला. उद्या कुणी गोलाईच्या चौकात उतरून म्हणावं, लातूर सापडलं!' पुस्तकात त्या लोकांना दुसऱ्याच जुन्या नावानं हाक मारलेली असायची. तुम्ही ते नाव कधी उच्चारलं नाहीत. ते स्वतःला जे म्हणतात तेच आपण म्हणायचं, असं तुमचं म्हणणं. माणसाला विचारल्याशिवाय त्याचं नावसुद्धा ठेवू नये म्हणणारे तुम्ही! म्हणून तर मला एवढा धक्का बसलाय.

सगळ्यात लाडकी गोष्ट त्या मुलाची. दर उन्हाळ्यात ती एकदा तरी व्हायचीच. उत्तरेला गेलेल्या एका नावाजलेल्या साहेबानं येताना जहाजातून तिथली काही माणसं आणली. त्यात एक बाप आणि त्याचा लहानगा मुलगा. आई आधीच गेलेली. जहाज एका मोठ्या शहराला लागलं आणि त्यांना बघायला ही झुंबड उडाली. मग त्यांना एका संग्रहालयाच्या तळघरात ठेवलं. तिथल्या दमट हवेत ती बर्फातली माणसं खोकायला लागली. इथं आलं की तुम्ही मला घोंगडीत ओढून घ्यायचात. बाप वारला. संग्रहालयाच्या बागेत, संध्याकाळी कंदील लावून, त्याला कातड्यात गुंडाळून त्यांच्या रीतीनं ठेवलं, वर दगड रचले, आणि मुलगा शेवटपर्यंत तिथं उभा राहिला. एवढं सांगून तुम्ही पुस्तक मिटायचात. 'पोरानं बापाला नीट पोचवलं,' म्हणायचात आणि उठून लाद्या बघायला जायचात.

मी दर वेळी रडायचे आणि दर वेळी मला बरंही वाटायचं. एवढ्या परक्या गावात का होईना, पोराला बाप मातीत ठेवताना बघायला मिळाला. आमच्या घरी या गोष्टीला फार किंमत होती, कारण तोच तर आपला धंदा होता.

लग्नाचा बर्फ, रसवंतीचा बर्फ, सरबताच्या गाड्यांचा बर्फ आणि मयतीचा बर्फ. मयतीच्या बर्फाला तुमच्याकडे थांबावं लागत नव्हतं. कुणी डोक्याला टॉवेल गुंडाळून, तोंड पाडून दारात आला की तुम्ही कोण गेलं, कशानं गेलं, काही विचारायचा नाहीत. एकच प्रश्न, 'लेक कुठं दिली?' उदगीरला म्हटलं की एक लादी. सोलापूरला म्हटलं की दोन. पुण्या-मुंबईला असली तर हातगाडी भरून, आणि वर इस्माईलचाचांना सांगणं, सांजच्याला एक चक्कर मारून बघा, पुरतोय का. इस्माईलचाचा म्हणजे आपले मशिनवाले, पण तुमचं पानही त्यांच्यावाचून हलायचं नाही. मी एकदा विचारलं होतं, मुलगा लांबून यायचा असला तर? तुम्ही म्हणालात, 'मुलगा खांदा द्यायला येतो, नंदे. लेक तोंड बघायला येते. बर्फ तोंडासाठी असतो.'

आई गेली तेव्हा मी नांदेडात नवी नवरी होते. मी पोचले तेव्हा आईच्या दोन्ही अंगांना लाद्या होत्या, कपाळावरची विभूती ओली झाली होती, आणि तुम्ही उशाशी बसून फडक्यानं पाणी टिपत होतात. गालाला हात लावला तर गार. पण तोंड आईचंच होतं. त्या गार गालावर माझे पुढचे कितीतरी दिवस निघाले, अप्पा.

आणि तुम्ही गेलात तेव्हा बर्फ नव्हता.

सकाळी शिवराजचा फोन आला. अप्पा लिंगैक्य झाले, हार्टनं गेले, तू नीघ. आम्ही उभ्या उभ्या निघालो. यांनी गाडी काढली. वाटेत पुन्हा फोन, लातूरला येऊ नको, सरळ रेणापूरला शेतात ये. मी ओरडून सांगत होते, थांबा रे, बर्फ लावा, मी आलेच. पोचले तर बांधाजवळ, आईच्या समाधीशेजारी, ताजी काळी माती, वर विभूती आणि बेलाची पानं. लोक हातपाय धुऊन परतायला लागले होते.

शिवराजला एवढंच विचारलं, 'बर्फ नव्हता का रे?' तो जमिनीकडे बघत म्हणाला, 'सामी म्हनले, दिवस मावळायच्या आत.' दिवस तर अजून चांगला वर होता.

गावातल्या घरात अव्वा भिंतीला टेकून बसली होती. तुमच्याआधी मला ने म्हणून रोज देवाशी भांडणारी तुमची आई. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला शेतापर्यंत चालवत नाही. दारात टेम्पो थांबवून तिला दर्शन दिलं म्हणे. आपल्यात बसवून नेतात तसं बसवलेलं, पण डोक्यापासून पायापर्यंत कापडात आणि वरून घोंगडीत गुंडाळलेलं. आजार संसर्गाचा होता, डॉक्टरांनी उघडू नका म्हणून सांगितलंय, असं गावाला सांगितलं. मागच्या साथीत हे वाक्य सगळ्यांनी इतकं ऐकलंय की पुढं कुणी विचारत नाही. आणि मी? औषधाच्या दुकानात बसणारी बाई! हार्टनं गेलेल्या माणसाला संसर्ग कुठला, हेसुद्धा मला त्या दिवशी सुचलं नाही. अव्वाला दोघांनी उचलून टेम्पोपाशी नेलं होतं. तिनं तुमच्या गुडघ्यावर हात ठेवला. 'लई टणक झालता,' ती पुन्हा पुन्हा सांगत होती, 'लेकराचा गुडघा लई टणक झालता.'

मी तिचा हात धरून बसले. आम्हा दोघींनाही तोंड बघायला मिळालं नव्हतं.

महिन्याभरानं लातूरला गेले. तुमचे कपडे, चष्मा काही नको होतं. पुस्तकं हवी होती. कपाट उघडलं तर दोन्ही वरचे कप्पे रिकामे! शिवराज म्हणाला, रद्दीत दिली. अप्पांची ध्रुवावरची पुस्तकं रद्दीत? मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. राखीलाही गेले नाही. तुमची सून फोन करायची, मी कामाचं तेवढं बोलून ठेवायचे.

पण त्या मुलाची गोष्ट मला सोडेना. पुस्तकाचं नाव आठवत नव्हतं, मुखपृष्ठावरची कुत्र्यांची गाडी तेवढी आठवत होती. दुकानाशेजारच्या क्लासच्या सरांनी शोधून शोधून जुन्या पुस्तकांतून एक प्रत मागवून दिली. गेल्या आठवड्यात ती आली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर उघडून बसले. डिक्शनरी शेजारी ठेवून, तुमच्यासारखी. बूट उकडले, कुत्री मेली, जहाज शहराला लागलं, तळघर, खोकला. कंदील आले. दगड रचले गेले. पोरगा उभा राहिला. इथं तुम्ही पुस्तक मिटायचात.

मी पान उलटलं.

कातड्यात बाप नव्हता, अप्पा. माणसाएवढा ओंडका होता! पोराची समजूत पटावी म्हणून शिकल्यासवरल्या लोकांनी केलेलं नाटक. खरा बाप त्यांनी कापला, त्याची हाडं स्वच्छ केली आणि त्याच संग्रहालयात ठेवून घेतली. पोराला हे कळलं कितीतरी वर्षांनी, जाणता झाल्यावर. त्यानं हाडं मागितली. दिली नाहीत. तो मागत राहिला. तरुणपणीच वारला, परक्याच मुलखात. हाडं शेवटी त्याच्या बर्फात परत गेली, पण तोवर त्याला जाऊन एक जन्म उलटला होता.

समोर एक बाई चिठ्ठी धरून उभी होती. बीपीची गोळी मागत होती. मला तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. हातातलं पुस्तक बंद करायचंही सुचेना. मग मनात आलं ते हेच, की हे तुम्हाला माहीत होतं. दर उन्हाळ्यात ते पान तुमच्या बोटाखाली होतं. तुम्ही आम्हाला फक्त खोटा अंत्यविधी सांगितलात आणि त्यावर माझ्या आसवांची सोय केलीत.

हे बोलायचं कुणाशी? त्या पोत्यावर बसणारा दुसरा एकच माणूस जगात होता. सगळा राग गिळून मी शिवराजला फोन लावला.

'शिवा, ती बापाला पुरल्याची गोष्ट आठवते का? ते सगळं खोटं होतं रे. आत नुसता ओंडका होता. आणि अप्पांना माहीत होतं.'

  तो अगदी हळू म्हणाला, 'अक्का, तुला कोन सांगितलं? चाचा बोलले का?'

मी म्हटलं, 'काय बोलले?'

अप्पा, तुमचा लेक फोनवर रडायला लागला. आणि मग ते सगळं बाहेर आलं. तुम्ही दोन वर्षं आधीच ठरवून ठेवलं होतं, देह मेडिकल कॉलेजला द्यायचा, शिकणाऱ्या पोरांसाठी. सही करायला एक शिवराज पुरला. अव्वा जिवंत असताना तुम्हाला कापू देणार नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिच्यासाठी समाधी करायची. कशी? 'अप्पाच म्हनले, ती गोष्ट हाय ना, तसं करा,' शिवराज म्हणाला. ओंडक्याच्या जागी तुराट्यांचा भारा बांधला. तुरीच्या काड्या त्या, उचलल्या तर काहीच वजन लागेना. खांदेकऱ्यांना कळलं असतं. 'मग आत पुस्तकं घातली, अक्का. बसलेल्या मानसाचा आकार यायला गुडघ्यात, मांडीत, पोटात. रद्दीत न्हाई दिली.'

मी खुर्चीवरून उठले आणि कुठं जायचं ते न कळून पुन्हा बसले. रेणापूरच्या काळ्या मातीत मांडी घालून ध्रुवावरची सगळी पुस्तकं बसली आहेत! त्यांना वर्षभर बेल वाहिला जातोय. विधी करणारे स्वामी आधी नाहीच म्हणाले होते. मग त्यांनी विचारलं, लिंग तरी खरं आहे ना? तुमच्या गळ्यातलं लिंग शिवराजनं काढून दिलं, ते आत ठेवलं, तेव्हा ते मंत्र म्हणायला तयार झाले.

'आणि मला का नाही सांगितलं?'

'तू अव्वासमोर खोटं बोलू शकली नसतीस, असं अप्पा म्हनले.'

'नांदेडलाच का?'

'लातुरात अर्धी पोरं वळखीची. टेबलावर कुनी वळखलं तर? म्हनून नांदेड. आन् म्हनले, तिकडं नंदी हाय.'

तिकडं नंदी आहे! अप्पा, तुम्ही माझ्या गावी राहायला आलात आणि मला निरोपसुद्धा धाडला नाहीत. वर्षभर मी त्या कॉलेजच्या भिंतीला लागून स्कूटी नेतेय. एकदा त्या गेटासमोर पंक्चर झाली तेव्हा मी तिथं चांगली तासभर उभी होते. ऊन फार आहे म्हणून कुरकुरत होते.

देह दिलात, यावर माझं भांडण नाही. ते तुम्हाला शोभतं. त्या इन्युइट बापाला कुणी विचारलं नव्हतं, तुम्ही स्वतःच्या मर्जीनं गेलात. इथवर मी तुमच्या बाजूची. पण त्या गोष्टीत दोन माणसं होती ना? एक बाप आणि एक मुलगा. तुम्ही बापाचं बरोबर नीट केलंत, आणि मुलाचं होतं तसंच ठेवलंत. तेच नाटक, तोच दगडांचा ढीग, फक्त कंदिलाऐवजी ऊन. ते पान इतक्या वेळा वाचून तुम्हाला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटलं? तुमच्या आईला आणि तुमच्या लेकीला त्या पोराच्या जागी उभं करताना एकदाही मन कचरलं नाही?

दुसऱ्या दिवशी गेटापर्यंत गेले. आत पाऊल टाकवेना. पांढरे कोट हातावर टाकून पोरं-पोरी चहाला बाहेर येत होती. हसत होती. एक पोरगी मैत्रिणीच्या हातावर बोटानं रेघ ओढून शिर कुठून जाते ते दाखवत होती. मी तिच्या बोटाकडेच बघत राहिले. मग परत फिरले आणि लातूरची गाडी धरली.

इस्माईलचाचा कारखान्याच्या दारात तुमच्याच खुर्चीवर बसले होते. मला बघितलं आणि उठून उभे राहिले. शिवराजनं त्यांना फोन केला असणार. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, 'बेटी, तेरे अप्पा कू मैं अकेला नै छोडा. गाडी में बाजू में बैठ के गया.'

मी विचारलं, कुठल्या रस्त्यानं गेलात? विचारल्यावर माझंच मला कळलं. अहमदपूर, लोहा, नांदेड. दुसरा रस्ता कुठाय? मी नांदेडहून तुमचं तोंड बघायला येत होते, आणि त्याच वेळी, त्याच रस्त्यानं तुम्ही नांदेडला निघाला होतात.

चाचा सांगत गेले आणि मी तिथंच पोत्यावर बसले. लोह्याला बाजाराची गर्दी होती. बैलगाड्या, टेम्पो, सगळं अडकलेलं. तुमची गाडी एका बाजूनं, आमची समोरून. चाचांनी आमची पांढरी गाडी ओळखली. यांनी गाडी पार कडेला घेऊन वाट करून दिली. मला आठवतंय ते, अप्पा! एक शववाहिका जवळून गेली होती. कुणाचं तरी माणूस, म्हणून मी सवयीनं हात जोडले होते. तुम्हीच लावलेली सवय ती. चाचा म्हणाले, मी मान खाली घातली, मला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. 'पर तूने हात जोडे बेटी. मैं भाई कू बोला, ले, बेटी मिल ली तेरे से.'

आमच्या दोघांत एक काच होती आणि एक पत्रा. मी तुम्हाला हात जोडले होते, फक्त तुम्ही आहात हे मला माहीत नव्हतं. हे बरं वाटून घ्यावं की याचं आणखी दुःख करावं, मला अजून कळलेलं नाही. चाचांनी दंडाला धरून उठवलं आणि गार पाणी दिलं.

तिथून मी रेणापूरला गेले. शिवराज आडवा आला. अव्वाला सांगू नको, ती जीव सोडील, अप्पांनी शपथ घातलीय. मी म्हटलं, त्या शहरात सगळ्यांना माहीत होतं शिवा, फक्त त्या पोराला माहीत नव्हतं. इथं तुला, चाचांना, स्वामींना माहीत आहे. ती दर सोमवारी तुला पाठीवर घ्यायला लावून शेतात जाते, आणि तुराट्यांना विभूती लावते. तुला बघवतं? त्याला बघवत नव्हतंच. तो बाजूला झाला.

अव्वा ओसरीवर शेंगा फोडत होती. मी तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. गोष्ट आधी, मग तुमचं.  ती शेंगा फोडतच होती, मग तिचे हात थांबले.  शिवराज दाराला धरून उभा.

मग तिनं विचारलं, 'माझ्या हाताला लागला तो गुडघा कशाचा हुता?'

'पुस्तकाचा, अव्वा.'

तिनं आपला तळहात उलटा करून बघितला. वर्षभर तिनं त्या हाताचं काय काय केलं असेल! रात्री उशाखाली ठेवत होती म्हणे, लेकराला लागलेला हात म्हणून.

'मला इचारला असता तर मी नगं म्हनले असते,' ती म्हणाली. 'आन् त्यो ऐकला नसता. ल्हानपनापासून हट्टीच. पर इचारायला पायजे हुतं, नंदे. मी आई हाय. मेल्यावर त्यानं काय बी करावं, मला फसवायला नगं हुतं.'

आणि मग ती रडली. हुंदका देऊन नाही, डोळ्यांतून नुसतं पाणी. तुम्ही गेलात त्या दिवशी रडली नव्हती इतकी. शिवराज तिच्या पायाशी येऊन बसला. तिनं त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि हात तिथंच राहू दिला. मी म्हटलं, पुस्तकं काढायची का बाहेर? ती म्हणाली राहू दे, लिंग हाय आत, उकरू नगा. थोड्या वेळानं म्हणाली, 'थंडीत ठिवलेत का त्याला?'

'हो. गारच असतं तिथं.'

'आयुष्यभर बर्फाच्या दाराला बसला. आता आत जाऊन बसला.' मग पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, 'त्या पोराला बाप गावला का गं पुन्हा?'

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, नाही अव्वा, तो जिवंत असेपर्यंत नाहीच.

'मग मला नांदेडला ने,' ती म्हणाली.

अप्पा, मी तिला सगळं स्पष्ट सांगितलंय. तोंड दिसणार नाही. वर्ष झालं, ओळखू येईल असं काही राहिलं नसेल. आत सोडतील की नाही तेही माहीत नाही. ती म्हणाली, गेटाला हात लावीन. भिंत तर त्याचीच हाय ना? शिवराज गाडी चालवणार आहे, चाचा पुढं बसणार आहेत, वाट त्यांनाच माहीत म्हणून. मी मागं अव्वाला धरून. आणि जाताना कारखान्यातून एक लादी घ्यायची असं अव्वानं ठरवलंय. ती पाणी होऊन जाईल नांदेडपर्यंत, असं शिवराज म्हणाला, तर ती म्हणाली, हू दे की, मयतीला कुनी मोकळ्या हातानं जातं का?

मी तुम्हाला शब्द देते, अप्पा. या घरात आता तुमच्याबद्दल कुणी कुणाला खोटं सांगणार नाही, अव्वाला तर नाहीच. आणि माझी पोरं मोठी झाली की मी त्यांना त्या मुलाची गोष्ट सांगीन, पान उलटून, शेवटपर्यंत.

सोमवारी येतो. अहमदपूरवरून, लोह्यावरून. या वेळी समोरून नाही, तुम्ही गेलात त्याच दिशेनं. लेक तर इथंच दिलीय, तिच्यासाठी बर्फ लागत नाही. पण आई रेणापूरहून यायची असली, खुबा मोडलेली, वर्षभर उशीर झालेली, तर किती लाद्या लागतात हो? तुम्ही असता तर लगेच सांगितलं असतं.

तुमची,
नंदा